न हलणारा सामू : दूधगंगाकाठची काळी जमीन, उसाचा रस आणि बफरचे रसायन

बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातील सदलगा आणि त्याच्या आसपासचा दूधगंगाकाठ हा बेसॉल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या, खोल, चिकण जमिनीचा आणि त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या पिकत आलेल्या उसाचा प्रदेश आहे. अशा काळ्या जमिनीचा सामू साधारणपणे साडेसात ते साडेआठ यांच्या दरम्यान आढळतो, आणि युरिया किंवा अमोनियम सल्फेट यांसारखी जमीन आम्लतेकडे झुकवणारी खते दर हंगामात पडत असूनही तो फारसा खाली सरकत नाही. याच शिवारातला ऊस गाळला की निघणारा रस मात्र आम्लधर्मी असतो, आणि तो उदासीन करण्यासाठी लागणारा चुना नुसत्या सामूवरून काढलेल्या हिशेबाच्या हजारो पट भरतो. वरवर पाहता एकमेकींशी संबंध नसलेल्या या दोन गोष्टींच्या मुळाशी रसायनशास्त्रातील एकच तत्त्व आहे, ते म्हणजे बफरचे : आम्ल किंवा आम्लारी मिसळले तरी सामूमध्ये होणाऱ्या बदलाला विरोध करण्याची काही मिश्रणांची क्षमता. हे तत्त्व समजून घेतल्यास मातीपरीक्षणाच्या अहवालातील सामूचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हेही स्पष्ट होते.

सामू नेमके काय मोजतो?

पाण्यात विरघळल्यावर जो पदार्थ हायड्रोजन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेले हायड्रोजनचे कण, मोकळे करतो त्याला आम्ल म्हणतात, आणि जो असे आयन स्वतःकडे ओढून घेतो त्याला आम्लारी म्हणतात. द्रावणात या घटकेला किती हायड्रोजन आयन मोकळे आहेत, याचे माप म्हणजे सामू किंवा पीएच. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा एका बिअर उद्योगातून उभी राहिली होती. तेथे विकरांचा अभ्यास करणारे डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये हे माप मांडले, कारण विकरांचे काम हायड्रोजन आयनांच्या अत्यल्प प्रमाणावर अवलंबून असते आणि ते प्रमाण दशांशचिन्हापुढील अनेक शून्यांनी लिहिणे गैरसोयीचे होते.

सामूची पट्टी व्यवहारात ० ते १४ अशी धरली जाते. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि त्यावर अल्कधर्मी. मात्र ही पट्टी गुणाकाराची आहे : सामू एका अंकाने घटला की मोकळ्या हायड्रोजन आयनांचे प्रमाण दहापट होते आणि दोन अंकांनी घटला की शंभरपट. त्यामुळे ८.२ आणि ७.२ या आकड्यांतील फरक कागदावर लहान दिसत असला, तरी मुळांच्या किंवा जिवाणूंच्या दृष्टीने तो मोठा असतो.

शुद्ध पाणी या बाबतीत अत्यंत हळवे असते. एक लिटर शुद्ध पाण्यात अवघे साडेछत्तीस मिलिग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल गेले, तरी त्याचा सामू ७ वरून ३ वर येतो, म्हणजे मोकळे हायड्रोजन आयन दहा हजारपट होतात. आलेले आयन सामावून घेणारे तिथे कोणीच नसल्याने प्रत्येक नवा आयन मोकळाच राहतो आणि मोजमापात दिसतो.

बफर कसा काम करतो?

हेच आम्ल तेवढ्याच प्रमाणात वेगळ्या द्रावणात मिसळले, तर चित्र पालटते. एक लिटर पाण्यात ६ ग्रॅम अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारे आम्ल, आणि ८.२ ग्रॅम सोडियम अॅसिटेट हे त्याच आम्लाचे लवण विरघळवले, तर त्या द्रावणाचा सामू सुमारे ४.७६ येतो. त्यात वरीलप्रमाणेच साडेछत्तीस मिलिग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले, तर सामू ४.७५ होतो. पाण्यात चार अंकांची घसरण आणि येथे एका अंकाच्या शंभराव्या भागाची, एवढा हा फरक आहे.

याचे कारण अॅसेटिक आम्लाच्या सौम्यपणात आहे. हायड्रोक्लोरिक आम्लासारखे तीव्र आम्ल पाण्यात पडताच आपले सर्व हायड्रोजन आयन सोडून देते. सौम्य आम्ल मात्र त्यांपैकी थोडेच सोडते आणि बाकीचे धरून ठेवते. वरील द्रावणात आयन धरून बसलेले अॅसेटिक आम्लाचे रेणू आणि आयन गमावलेले अॅसिटेटचे कण, असे दोन्ही घटक भरपूर असतात. बाहेरून हायड्रोजन आयन आले की अॅसिटेटचे कण ते पकडून अॅसेटिक आम्लात रूपांतरित होतात. उलट बाहेरून आम्लारी आली आणि तिने मोकळे आयन शोषून घेतले, तर अॅसेटिक आम्लाचे रेणू आणखी आयन सोडून ती तूट भरून काढतात. आयन देणारा आणि आयन घेणारा अशी ही जोडी एकाच द्रावणात पुरेशा प्रमाणात असणे, हीच बफरची मूळ अट होय.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात, आणि पुढील सर्व विवेचन त्यांच्यावर उभे आहे. पहिली गोष्ट अशी की, बफरचा सामू त्या जोडीतील दोन घटकांच्या गुणोत्तरावर ठरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये हा संबंध मांडला आणि डेन्मार्कचे कार्ल हॅसलबाल्च यांनी पुढे त्याला सामूच्या परिभाषेत बसवले, म्हणून त्या सूत्राला दोघांचीही नावे आहेत. दुसरी गोष्ट अशी की, बदलाला विरोध करण्याची ताकद, म्हणजे बफरक्षमता, त्या दोन घटकांच्या एकूण साठ्यावर ठरते. वरील द्रावण दहापट पातळ केले तर त्याचा सामू जवळजवळ तोच राहतो, पण क्षमता मात्र एक दशांशावर येते. तिसरी गोष्ट अशी की, प्रत्येक जोडीला आपला पट्टा असतो : दोन्ही घटक समसमान असताना जो सामू असतो, त्याच्या आगेमागे सुमारे एका अंकापर्यंतच ती जोडी प्रभावी ठरते.

साठा संपला की विरोधही संपतो. वरील अॅसिटेटच्या द्रावणात पहिल्याच्या पन्नासपट आम्ल टाकले तरी सामू ४.३ च्या आसपास टिकतो, परंतु शंभरपट टाकले की सर्व अॅसिटेट खर्ची पडते आणि सामू एकदम तीनच्या खाली घसरतो. विहिरीतील पाण्याची पातळी पाहून तिचा झरा किती मोठा आहे हे समजत नाही, ते उपसा सुरू झाल्यावरच उमगते. सामू आणि बफरक्षमता यांचे नाते तसेच आहे. सामू ही आजची पातळी आहे, आणि ती पातळी किती काळ टिकेल हे तिच्यामागच्या साठ्यावर अवलंबून आहे.

रसात दडलेले आम्ल

सदलगा परिसरातील ऊस चिकोडीच्या दूधगंगा-कृष्णा किंवा निपाणीच्या हालसिद्धनाथ यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांकडे जातो, किंवा सीमाभागात आणि कोल्हापूरकडे अजून टिकून असलेल्या गुऱ्हाळांत त्याचा गूळ होतो. ताज्या उसाच्या रसाचा सामू ५.० ते ५.५ यांच्या दरम्यान असतो, आणि साखर किंवा गूळ यांपैकी काहीही करायचे झाले तरी तो वर आणावा लागतो, कारण आम्लधर्मी रस तापवला की त्यातील ऊससाखरेचे म्हणजे सुक्रोजचे रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. हे विघटन हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात वाढते, म्हणजे सामू एका अंकाने खाली असेल तर त्याचा वेग सुमारे दहापट होतो. अशा रसातून हाती येणारी दाणेदार साखर घटते आणि गूळ मऊ पडून पाणी सुटू लागते. दुसऱ्या बाजूला चुना गरजेपेक्षा जास्त पडला, तर तेच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अल्कधर्मी रसात विघटित होऊन गडद रंगद्रव्ये बनतात आणि गूळ काळपट होतो. म्हणूनच गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाला चुन्याची निवळी किती द्यायची, याचा निर्णय अनुभवी गुळव्यावर सोपवलेला असतो.

आता चुन्याचा हिशेब केवळ सामूवरून करून पाहावा. एक हजार लिटर रसाचा सामू ५.३ असेल, तर त्यात मोकळे असलेले सर्व हायड्रोजन आयन उदासीन करण्यासाठी कळीचा चुना अवघा ०.१४ ग्रॅम पुरायला हवा, म्हणजे चिमटीतसुद्धा न मावणाऱ्या दाण्याएवढा. प्रत्यक्षात केवळ चुन्याने रस निवळण्याच्या साध्या पद्धतीतही टनामागे शेकडो ग्रॅम चुना लागतो. यामागचे कारण असे की, मोकळे हायड्रोजन आयन हा रसातील आम्लाचा केवळ दिसणारा भाग असतो. उसाच्या रसातील मुख्य सेंद्रिय आम्ल अॅकोनिटिक आम्ल हे आहे, आणि त्याच्या जोडीला इतर सेंद्रिय आम्ले, अमिनो आम्ले व फॉस्फेट असतात. ही सर्व सौम्य आम्ले आपल्या आयनांचा मोठा साठा धरून ठेवतात आणि चुना पडेल तसतसे आयन सोडत राहतात. फॉस्फेटच्या एका जोडीचे समसमान बिंदूचे मूल्य ७.२ च्या आसपास असल्यामुळे, कारखान्याला जो उदासीन सामू गाठायचा असतो त्याच पट्ट्यात ती विरोधाला उभी राहते.

कारखान्यांतील सल्फिटेशन पद्धतीत चुन्याचे दूध आणि सल्फर डायऑक्साइड वायू गरम रसात एकत्र सोडून सामू ७ च्या आसपास राखला जातो, आणि या प्रक्रियेत तयार होणारा कॅल्शियम फॉस्फेट व कॅल्शियम सल्फाइटचा गाळ रसातील गढूळपणा सोबत घेऊन खाली बसतो. तोच गाळ पुढे प्रेसमड म्हणून शेतात परत येतो. तोडून अनेक दिवस पडून राहिलेल्या किंवा जळालेल्या उसाच्या रसात जिवाणूंनी लॅक्टिक, अॅसेटिक यांसारखी आणखी आम्ले तयार केलेली असतात, त्यामुळे तोच सामू गाठायला अशा रसाला अधिक चुना लागतो. या आम्लांची कॅल्शियम लवणे रसात विरघळलेलीच राहत असल्याने ती पुढे रस आटवणाऱ्या भांड्यांत कवच धरण्यास कारणीभूत होतात. ताज्या आणि शिळ्या रसातील हा फरक सामूमापकावर जेवढा दिसतो, त्यापेक्षा चुन्याच्या खर्चात अधिक दिसतो.

काळ्या जमिनीतील चुनखडी

दूधगंगाकाठच्या काळ्या जमिनीत बफरचे काम दोन घटक करतात. पहिला घटक म्हणजे चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब. काळ्या जमिनीतील स्मेक्टाइट गटाच्या चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्यावर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे आयन चिकटून असतात. मातीतील पाण्यात हायड्रोजन आयन वाढले की ते या कणांवर जाऊन बसतात आणि त्यांच्या बदल्यात कॅल्शियम वगैरे मोकळे होतात, त्यामुळे पाण्याचा सामू फारसा बदलत नाही. ओले झाल्यावर फुगणारी आणि सुकल्यावर भेगाळणारी ही चिकणमाती अशा देवघेवीची क्षमता विशेष बाळगून असते.

दुसरा आणि अधिक बलवान घटक म्हणजे मुक्त चुना, अर्थात मातीत बारीक भुकटीच्या किंवा पांढऱ्या खड्यांच्या रूपात असलेले कॅल्शियम कार्बोनेट. बेसॉल्ट झिजताना कॅल्शियम मोकळा होतो, आणि पाऊस बेताचा असलेल्या प्रदेशात तो वाहून न जाता चुनखडी होऊन मातीतच साठतो. आम्ल आले की चुनखडी त्याच्याशी संयोग पावून विरघळते, कार्बन डायऑक्साइड वायू हवेत निघून जातो आणि आम्ल नाहीसे होते. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर चुनखडीची माती फसफसते, ती याच क्रियेमुळे. चुनखडी, पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांचा समतोल ८.२ ते ८.३ या सामूपाशी साधला जातो. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतील हवेत हा वायू अधिक असतो, म्हणून मुळांजवळ सामू त्याहून थोडा खाली राहतो. जोवर मातीत मुक्त चुना शिल्लक आहे तोवर सामू आम्लधर्मी पट्ट्यात फारसा उतरू शकत नाही.

या साठ्याचा आकार आकड्यांत मांडला की न हलणाऱ्या सामूचे गूढ उरत नाही. एक एकर क्षेत्राच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात काळी माती साधारण ८ लाख किलो भरते. तिच्यात मुक्त चुना ५ टक्के असेल, तर तेवढ्या थरातच ४० टन चुनखडी असते. युरियातील एक किलो नत्राचे मातीतील जिवाणूंनी पूर्णपणे नायट्रेटमध्ये रूपांतर केले, तर त्यातून निर्माण होणारे आम्ल जास्तीत जास्त साडेतीन ते पावणेचार किलो चुनखडी खाऊ शकते. प्रत्यक्षात पीक नायट्रेट शोषताना आम्लता कमी करत असल्याने हा आकडा बराच लहान असतो. उसाला एकरी वर्षाला १०० किलो नत्र दिले, तरी सर्वांत जास्त खर्च धरून वर्षाला साधारण ३६० किलो चुनखडी संपेल, म्हणजे वरच्या थरातला साठा संपायलाच शंभराहून अधिक वर्षे लागतील.

याच तत्त्वाचा दीर्घ पुरावा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे पाहायला मिळतो. तेथील ब्रॉडबाल्क या शेतात १८४३ पासून आणि पार्क ग्रास या कुरणात १८५६ पासून खतांचे प्रयोग अखंड चालू आहेत. ब्रॉडबाल्कच्या मातीत पूर्वीच्या शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणात खडू मिसळलेला असल्यामुळे तिचा सामू दीर्घकाळ उदासीनतेच्या आसपास राहिला, तर चुना नसलेल्या कुरणाच्या ज्या तुकड्यांवर अमोनियम सल्फेट पडत गेले तेथील सामू चारच्याही खाली गेला. दोन्हीकडे नत्रयुक्त खते पडत होती, फरक मातीतल्या साठ्याचा होता.

स्थिरतेची किंमतही असते. सामू ८ च्या आसपास अडकून राहिला की मातीत लोह भरपूर असूनही ते विरघळत नाही, आणि उसाची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी-पांढरी पडतात, ज्याला शेतकरी केवडा म्हणतात. जस्ताचेही तसेच होते, आणि दिलेला स्फुरद चुन्याशी संयोग पावून पिकाला दुर्लभ होतो. अशा वेळी सामू खाली आणण्यासाठी गंधक टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. गंधकापासून जिवाणू सल्फ्युरिक आम्ल बनवतात हे खरे आहे, पण १०० किलो चुनखडी संपवायला ३२ किलो गंधक लागते. वरील उदाहरणातील ४० टन चुनखडी संपवायची तर एकरी जवळजवळ १३ टन गंधक लागेल. पोतेभर गंधकाने संपूर्ण शेताचा सामू बदलेल, ही अपेक्षा रसायनशास्त्राला धरून नाही. म्हणून चुनखडीच्या जमिनीत सामूशी झुंजण्यापेक्षा त्याला वळसा घालणे शहाणपणाचे ठरते : हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, शेणखतात मुरवून देणे किंवा पानांवर फवारणे, चिलेटेड स्वरूपातील सूक्ष्म अन्नद्रव्ये वापरणे, आणि स्फुरद सेंद्रिय खतात मिसळून मुळांच्या पट्ट्यात देणे. अशा अरुंद पट्ट्यात गंधकाचाही स्थानिक परिणाम मिळू शकतो.

त्याच जिल्ह्यातील दुसरी माती

बेळगाव जिल्ह्याच्याच पश्चिमेला, सह्याद्रीला टेकलेल्या खानापूर तालुक्यात, नेमकी उलट स्थिती दिसते. मलप्रभेच्या उगमाजवळील कणकुंबीसारख्या अतिवृष्टीच्या भागात पावसाने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम युगानुयुगे धुऊन नेले आहेत, चुनखडी उरलेली नाही, आणि तांबड्या जांभ्या मातीतील केओलिनाइट गटाच्या चिकणमातीची आयन धरण्याची क्षमता काळ्या मातीच्या तुलनेत फार कमी आहे. अशा आम्लधर्मी जमिनीत चुनखडीऐवजी अॅल्युमिनियमची संयुगे आणि सेंद्रिय पदार्थ बफरचे काम करतात. चुना टाकून सामू वाढवू पाहिल्यास तो सहजासहजी वाढत नाही, कारण मातीच्या कणांवर चिकटलेले अॅल्युमिनियम आणि हायड्रोजन यांचा राखीव साठा चुना खात राहतो.

जर्मन मृदशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिख यांनी मातीतील या टप्प्यांची क्रमवार मांडणी केली. त्यानुसार सामू सुमारे ६.२ च्या वर असेतोवर चुनखडी, त्याखाली ५ पर्यंत सिलिकेट खनिजे, पुढे ४.२ पर्यंत चिकणमातीवरील आयनांची देवघेव, आणि त्याहून खाली अॅल्युमिनियम अशी एकामागून एक फळी सामूला आधार देते. एक फळी कोसळली की सामू पुढच्या फळीपर्यंत घसरतो. सदलग्याची माती यातील पहिल्या फळीवर भक्कमपणे उभी आहे आणि खानापूरची माती खालच्या पायऱ्यांवर. म्हणून एका तालुक्यातील खताचा किंवा चुन्याचा सल्ला दुसऱ्या तालुक्यात जसाच्या तसा उचलता येत नाही.

सामू साडेआठच्या पुढे जातो तेव्हा

चुनखडीचा बफर सामूला खाली पडू देत नाही, पण वर जाण्यापासून त्याला नेहमीच रोखू शकत नाही. पाटाने अतोनात पाणी देऊन उसाच्या शेतातील भूजल वर आले की त्यातील क्षार पृष्ठभागाकडे खेचले जातात. पाण्यातील बायकार्बोनेट, पाणी उडून जाताना, कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात अडकवून टाकते आणि मागे सोडियमचे वर्चस्व राहते. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात फारच थोडे विरघळते, सोडियम कार्बोनेट मात्र सहज विरघळते, त्यामुळे सामू ८.५ ओलांडून ९ ते १० पर्यंतही जातो. चिकणमातीवर धरलेल्या आयनांपैकी १५ टक्क्यांहून अधिक सोडियम असेल तर जमीन चोपण झाली असे मानतात. अशा मातीचे कण विखुरतात, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते.

येथे जिप्समचे काम नेमके समजून घ्यायला हवे, कारण जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट हे स्वतः आम्ल नाही. त्यातील कॅल्शियम चिकणमातीवरील सोडियमची जागा घेतो आणि सोडियम कार्बोनेटमधील कार्बोनेटला चुनखडीच्या रूपात बांधून टाकतो. सुटलेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर निचऱ्यातून बाहेर गेले, तरच जमीन सुधारते आणि सामू चुनखडीच्या स्वाभाविक पातळीपर्यंत, म्हणजे आठाच्या आसपास, परत येतो. त्याखाली नेण्याचे सामर्थ्य जिप्सममध्ये नाही. चुनखडीयुक्त चोपण जमिनीत गंधक उपयोगी पडते तेही अशाच मार्गाने : त्यापासून झालेले आम्ल जमिनीतील चुनखडीशी संयोग पावून जागच्या जागी जिप्सम तयार करते. निचरा नसेल तर यांपैकी कोणताही उपाय टिकत नाही. शेजारच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड शेते पुन्हा पिकाखाली आणण्याचे जे काम झाले, त्यामागचे शास्त्र हेच आहे.

शरीर आणि समुद्र

मातीत चालणारा हा व्यवहार सजीवांच्या शरीरातही चालतो. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राहतो, आणि त्यासाठी बायकार्बोनेट व विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे सुमारे २० : १ हे गुणोत्तर सांभाळले जाते. या जोडीचा स्वाभाविक पट्टा खरे तर ६.१ च्या आसपासचा आहे, तरीही ती रक्तात प्रभावी ठरते, कारण फुप्फुसे एक घटक सतत बाहेर टाकू शकतात आणि मूत्रपिंडे दुसऱ्याचे नियमन करतात. समुद्राचे पाणीही कार्बोनेटच्या बफरने राखलेले आहे, पण औद्योगिक क्रांतीनंतर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. एक दशांशाचा हा बदल म्हणजे हायड्रोजन आयनांत पाव भागाहून अधिक वाढ होय, आणि शंख-प्रवाळांना आपली कवचे बांधण्यासाठी लागणारा कार्बोनेटचा साठा त्यात खर्ची पडत आहे. एवढ्या विशाल बफरलाही मर्यादा आहे, हे त्यावरून दिसते.

अहवाल वाचताना

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत मातीचे १२ घटक तपासले जातात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या यादीत सामू आहे, पण त्या सामूला धरून ठेवणाऱ्या मुक्त चुन्याचे प्रमाण नाही. खानापूरच्या जांभ्या मातीत ही उणीव फारशी जाणवणार नाही, परंतु सदलगा, चिकोडी, निपाणी आणि शिरोळच्या काळ्या पट्ट्यात तीच माहिती सर्वांत मोलाची आहे. सारखाच ८.१ सामू दाखवणाऱ्या दोन शेतांपैकी एकात मुक्त चुना १ टक्का आणि दुसऱ्यात १२ टक्के असेल, तर त्यांची खते, फळबागेसाठीची योग्यता आणि केवड्यावरील उपाय पूर्णपणे वेगळे ठरतात.

म्हणून मातीचा नमुना प्रयोगशाळेत देताना शेतकऱ्यांनी मुक्त चुन्याची तपासणी आवर्जून मागून घ्यावी, आणि सामू ८.५ च्या पुढे असेल तर विनिमयक्षम, म्हणजे चिकणमातीवर धरलेल्या, सोडियमचीही. सामू कमी करणारे म्हणून विकले जाणारे कोणतेही उत्पादन घेण्यापूर्वी आपल्या एकरात चुनखडी किती टन आहे याचा हिशेब करावा. बहुतेक काळ्या जमिनींत तो हिशेबच सांगेल की, पैसा सामू बदलण्यावर नव्हे, तर निचरा, सेंद्रिय खत आणि योग्य रूपातील सूक्ष्म अन्नद्रव्यांवर खर्च करणे हिताचे आहे.